नव्या वस्तऱ्याचं कुसळ

निवृत्ती वारकाला जाऊन नववा दिवस उजाडला, तेव्हा त्याच्या बायकोनं, केशरबाईनं, सोसायटीची पेटी फळीवरून खाली काढली आणि पदरानं तिच्यावरची धूळ झटकली. हिरव्या पत्र्याची पेटी. आली तशी ती फळीवर गेली होती आणि तिला कुणी हात लावला नव्हता. केशरबाईनं लावू दिला नव्हता, हे जास्त खरं.

"अंजने, भाकरीचं मागून बघ. अगोदर तांब्याभर पाणी दे."

सून अंजना रांजणापाशी गेली आणि आत वाकून बघत राहिली. "आत्याबाई, तांब्याभर काढलं तर सांजच्याला काय?"

"सांजच्याला मी हाय ना. मला पिळून प्या."

अंजनानं मुकाट्यानं अर्धा तांब्या आणून ठेवला. केशरबाईनं तो पाहिला, सुनेकडं पाहिलं आणि तो पुढं ओढून घेतला. बहात्तर सालचा दुष्काळ होता. विहिरींचे तळ दिसत होते, आणि रांजणापुढं सासूपणही कमीच चालायचं.

पेटीत ब्रश होता, वाटी होती, कात्री होती, आणि कागदात गुंडाळलेला वस्तरा होता. केशरबाईनं कागद सोडला. पातं असं चकाकलं की तिचा स्वतःचा डोळा तिला त्यात दिसला. डोळा काही बरा दिसत नव्हता. तिनं पातं वळवून धरलं.

गावात न्हाव्याला वारीक म्हणत, आणि त्या गावाला वारकाचं घर एकच होतं. सुगीला खळ्यावरून धान्य यायचं, त्याच्या बदल्यात निवृत्तीनं सालभर गावाची डोकी भादरायची, दाढ्या करायच्या. दुष्काळानं खळी बसली. निम्मं गाव बैलगाड्या जुंपून साखर कारखान्यांवर ऊस तोडायला गेलं, उरलेलं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होतं. सरकारी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावर वाटलेली सुकडी खाणाऱ्याला दाढीची काय पडली आहे? तरी निवृत्ती रोज धोपटी खांद्याला अडकवून घरोघर जाऊन यायचा. धोपटी म्हणजे वारकाची हत्यारांची पिशवी. रिकाम्या ओसरीवर बसायचा, तंबाखू मळायचा, परत यायचा. असाच एका दुपारी परत आला, भिंतीला टेकला आणि टेकलेलाच राहिला.

वारकांच्या त्या भावकीत एक रीत होती. बाप मेला की दहाव्याला लेकाचं डोकं भावकीतल्याच माणसानं भादरायचं, आणि भादरून झालं की बापाची धोपटी त्याच माणसानं लेकाच्या खांद्याला अडकवायची. मग गाव त्या लेकाचं. परक्या हातानं भादरलेलं डोकं वारकाचं डोकं नव्हे. केशरबाईला दुसरं काही नको होतं. लेकाच्या, जालिंदरच्या, खांद्यावर धोपटी यावी, गाव घरात राहावं, एवढंच. आणि त्यासाठी लागणारा भावकीतला एकच माणूस जवळपास उरला होता, निवृत्तीचा चुलतभाऊ बिभीषण. त्याला तिनं चितेपाशी दुखवून घालवला होता.

झालं होतं असं. निवृत्तीला सरणावर ठेवला, तेव्हा केशरबाई बायांच्या घोळक्यातून पुढं आली आणि त्याचा जुना वस्तरा तिनं त्याच्या मुठीत दिला. आज्यापासून चालत आलेला वस्तरा, जाड पाठीचा, घासून घासून बोटभर राहिलेला. माणसं बघत राहिली. तिला तेच हवं होतं.

बिभीषण हळूच म्हणाला, "वयनी, त्यो पोरासाठी ठेवा. लोखंड जळून दादाला पोचायचं न्हाई."

"मग कुणाला पोचवायचं होतं, तुला? जित्यांना सोसायटीच्या पेट्या वाटून झाल्या, आता मेल्याच्या मुठीत हात घालतोस का?"

नदीच्या वाळूतल्या भरल्या स्मशानात. तालुक्याला कारागिरांची सहकारी सोसायटी निघाली, तिच्यात बिभीषण खटपट करून शिरला, बाजाराच्या गावात खुर्ची-आरसा मांडून दुकान थाटलं आणि निवृत्तीचंही नाव घालून त्याला ही पेटी आणून दिली, एवढाच त्याचा गुन्हा. पण केशरबाईच्या मते वारीक घरोघर जातो म्हणून गावाचा असतो. दुकानात बसला की तो शिंपी, सुतार, कुणीही. बिभीषणनं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि एवढंच बोलला, "आता तुमी सोताच्या तोंडानं बोलवल्याबिगर मी ह्या वाळूत पाय टाकणार न्हाई." चिता पेटल्यावर नदी ओलांडून तो आपल्या गावाला निघून गेला.

केशरबाईनं बोलावणं धाडलं नाही. तिचं ठरलं होतं. भावकीतला हात पाहिजे ना? मग लेकाच्या डोक्यावर आईच्या हातापेक्षा जवळचा हात कुणाचा?

तिनं सिल्ली पुढं ओढली. धार लावायचा तो काळपट दगड मधोमध खोलगट झाला होता. त्यावर चार थेंब पाणी टाकलं, नवा वस्तरा आडवा निजवला आणि घासायला लागली. हे काम तिला नवं नव्हतं. निवृत्तीचे डोळे अधू झाल्यापासून दाराला कडी लावून तीच धार लावत आली होती. बाईचा हात वस्तऱ्याला लागलेला गावाला चालला नसता, म्हणून दोघांनी तोंड मिटलं होतं. जुना वस्तरा जोर मागायचा. बोटांचा भार पात्यावर टाकून रेटावं तेव्हा कुठं तो कबूल व्हायचा. तोच भार तिनं नव्यावर टाकला. नव्याचं पातं पोटात खोलगट, नखानं टिचकी मारली तर वाजेल इतकं पातळ. दगडावर ते चिरकत होतं. लोखंड नवं आहे, ओरडणारच, असं तिनं मनाशी धरलं.

दुपारी वच्छलाबाई पाटलीण दारात येऊन टेकली. दुसऱ्याच्या घरी उद्या काय घडणार आहे ते आज कळलं नाही तर या बाईला जेवण पचत नसे.

"केशर, उद्या भादरायला कोण यायलंय म्हणं?"

"कावून? तुमचंबी डोकं भादरायचं का?"

"अगं, इचारलं आपलं. बिभीषण तर म्हणं रुसलाय."

"रुसू द्या. बाजारात आरसा हाय त्याच्याजवळ, बघंल आपलं तोंड."

वच्छलाबाईची नजर सिल्लीकडं गेली, ओल्या हातांकडं गेली, आणि ती उठली. ही आता घरोघर सांगत जाणार हे केशरबाईला कळत होतं. एरवी तिनं वस्तरा पदराखाली घेतला असता. आज घेतला नाही.

ऊन कलल्यावर जालिंदर कामावरून आला. हातोड्यानं त्याचे तळवे सुजले होते, बोटं धड मिटत नव्हती. भिंतीशी बसून तो आईचं काम बघत राहिला. डोकी तो भादरायचा, दाढ्या करायचा, पण धार लावायला बापानं त्याला कधी बसवलं नव्हतं. हात बसू दे, धार मागून, असं म्हणत म्हणत बाप गेला.

"माय, काकाला सांगावा धाडला का?"

"कोणत्या काकाला?"

जालिंदरनं सुजलेले तळवे गुडघ्यांवर पालथे टेकवले. "आप्पा म्हणायचे, कारखान्यातून आलेला वस्तरा नुसता दिसायला वस्तरा असतो. त्याच्या धारेच्या कडेला बारीक लोखंड मुडपलेलं असतं, ते कुसळ पाडावं लागतं."

"तुझ्या आप्पाला धारा कोण लावून देत होतं, ठावं हाय का तुला?"

"ठावं हाय. पर ह्यो पातळ हाय. दाबू नको."

"तू खडी फोड. मला शिकवू नको."

तिनं चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा पालथा-उताणा ओढला आणि अंगठा धारेवर आडवा टेकवला. धार चावली. मनगटावरून पातं फिरवलं, तशी लव उडून गेली. तिनं मनगट लेकापुढं धरलं. "बघ." जालिंदरनं बघितलं आणि मान हलवली. त्या मान हलवण्यात होकार होता की नाही, हे तिनं विचारलं नाही.

दहाव्याला नदीच्या कोरड्या वाळूत माणसं जमली. जमली म्हणजे काय, जी गावात उरली होती ती म्हातारी, आणि कामावर खाडा करून आलेली चार-दोन. झिरा उकरून घागरभर गढूळ पाणी काढलं होतं. जालिंदर पाटावर बसला. बाया मागं बसायच्या ती रीत. केशरबाई उठली, पुढं आली आणि तिनं पदर खोचला.

सर्जेराव म्हणून गावचे एक जुने शेतकरी होते, कुठल्याही कार्यात मधे बोलायचा मान त्यांनी आपला आपणच घेतला होता. ते म्हणाले, "केशर, हे काय चाललंय? बाईच्या हातात वस्तरा?"

"भावकीतला हात लागतो न्हवं? मी काय बाहेरची हाय?"

"तसं न्हाई गं. पर वस्तरा..."

"सर्जेराव, मालकाचे डोळे गेल्यापासून तुमच्या गळ्यावरून माझीच धार फिरत होती. कापला का कवा?"

सर्जेरावांचा हात आपोआप गळ्याकडं गेला. दोघं-तिघं हसले. वच्छलाबाईनं तोंडाला पदर लावला. केशरबाईला त्या क्षणी निवृत्ती गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

तिनं लेकाचं डोकं भिजवलं, कपाळावर डावा पंजा ठेवला आणि वस्तरा टेकवला. पहिला हात बरा गेला. बोटभर पांढरी वाट निघाली. दुसऱ्याला पातं अडलं. कापणं निराळं आणि ओढणं निराळं; केस मुळातून ओढले जात होते, आणि जालिंदरचे खांदे कानांपर्यंत चढले. तिनं हात थांबवला नाही. तिसऱ्याला पातं घसरलं आणि कानाच्या वर रक्त आलं.

"थांब," ती म्हणाली, जसं काही तोच हलला होता. पट्टा पायाच्या अंगठ्यात धरून तिनं वस्तरा ओढला, जोरानं, पुन्हा पुन्हा. अंगठ्याला धार चावतच होती. मग डोक्यावर का चालेना? तिनं परत टेकवला. या खेपेला टाळूच्या कडेला चिरलं आणि रक्ताचा ओघळ कपाळावर उतरला. दहाव्याच्या पाटावर लेकाचं रक्त. आता कुणी हसलं नाही.

जालिंदरनं तिचं मनगट धरलं. सुजलेल्या बोटांनी, धरवेल तसं. "माय, कुसळ हाय त्याच्यात. ऱ्हाऊ दे."

"अर्ध्या डोक्यानं पिंड कसा द्यावा पोरानं?" सर्जेराव म्हणाले. टोमणा नव्हता. म्हाताऱ्याला खरंच कळत नव्हतं.

केशरबाईनं लेकाच्या डोक्याकडं पाहिलं. निम्मं काळं, निम्मं ओरबाडलेलं. चोराची धिंड काढताना करतात तसं. हे तिच्या हातानं झालं होतं. तिनं वस्तरा मिटला, पदरात गुंडाळला आणि कुणाला काही न सांगता नदी ओलांडायला लागली. वाळूत पाय रुतत होते. मागं कुणीतरी विचारलं, कुठं चालली ही? उत्तर द्यायची कुणाला गरज पडली नाही.

बिभीषण ओट्यावर बसला होता. अंघोळ केलेला, धुतलेलं धोतर, बाजूला धोपटी बांधून ठेवलेली. त्याची बायको सिंधुबाई दारातून म्हणाली, "तांबडं फुटल्यापास्नं असेच बसल्यात. पाणीसुद्धा घेतलं न्हाई."

केशरबाई वाटेनं जुळवत आली होती ते सगळं बोलणं इथं कामाचं नव्हतं. भांडायला आलेल्याशी कसं बोलावं हे तिला ठाऊक होतं. तयार होऊन वाट बघत बसलेल्याशी कसं बोलावं, हे नव्हतं.

"भावजी," ती म्हणाली. मग थांबली. "माझ्या हातानं न्हाई झालं. पोरगं पाटावर बसलंय. चला."

बिभीषणनं हात पुढं केला. तिनं वस्तरा दिला. त्यानं पातं उजेडाकडं धरलं, धार अंगठ्याच्या नखावरून अलगद ओढली, मग पातं उलटवून दुसऱ्या अंगानं ओढली.

"दाबलंत," तो म्हणाला.

"तुमच्या दादाच्या वस्तऱ्याला दाबावंच लागायचं."

"त्यो अंगानं जाड होता. ह्यो दाबला की वाकतो. वाकला की धार कडेला मुडपून बसती, आन् अंगठ्याला वाटतं लागली. कारखान्यातून येताना थोडं कुसळ असतंच, तुमी ते वाढवून ठेवलं."

"मनगटाची लव तर गेली."

"लव कशानंबी जाती, वयनी."

शब्दात कुठं काटा नव्हता. काटा असता तर तिला बरं वाटलं असतं.

त्यानं आपली सिल्ली काढली. पण अगोदर कुसळ पाडायला त्यानं पितळी तांब्याच्या काठावरून धार सरळ ओढली. केशरबाईला वाटलं, होती ती धारही त्यानं मारून टाकली. मग सिंधुबाईकडून चूळभर पाणी घेऊन तो दगडावर बसला. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली, पातं धारेच्या बाजूनं पुढं सरकायचं, टोकाला पोचलं की पाठीवर उलटायचं आणि परत यायचं. एक या अंगानं, एक त्या अंगानं. बोटं पात्यावर होती म्हणायची एवढंच. भार कुठं दिसत नव्हता. पातं चिरकत नव्हतं. झाडलोट चालावी तसा सारखा, हलका आवाज येत होता. ऊन वर चढत होतं, नदीत माणसं ताटकळली होती, आणि बिभीषणला घाई नव्हती. एरवी केशरबाईनं त्याला दहा वेळा हटकलं असतं. ती उभी राहिली आणि बघत राहिली.

शेवटी त्यानं स्वतःच्या डोक्याचा एक केस उपटला, चिमटीत धरून लोंबता ठेवला आणि त्याला पातं नुसतं लावलं. केस खाली पडला. त्यानं वस्तरा पट्ट्यावर ओढून मिटला, उठला आणि पुढं चालायला लागला. त्याच्या मागनं केशरबाई निघाली.

जालिंदर पाटावर तसाच बसला होता. रक्त सुकलं होतं, त्यावर माशा बसत होत्या आणि अंजना पदरानं त्या हाकलत होती. बिभीषणनं पुतण्याची हनुवटी वर केली, जखमा बघितल्या, त्यांच्यावर पाण्याचा हात फिरवला. मग वस्तरा चालायला लागला. त्याचा आवाजच येत नव्हता. जखमेजवळ आला की तो हात वळवायचा आणि कडेनं निघून जायचा. जालिंदरचे खांदे हळूहळू खाली आले. त्यानं डोळे मिटले. लहानपणी केशरबाई त्याला न्हाऊ घालायची तेव्हा तो असे डोळे कधी मिटायचा नाही, आठवून तिनं बघितलं. रडायचा.

पिंड झाले. बिभीषणनं निवृत्तीची धोपटी उचलली आणि जालिंदरच्या खांद्याकडं नेली. केशरबाई पुढं सरकली. याचसाठी ती नदी ओलांडून गेली होती.

जालिंदरनं धोपटीचा पट्टा हातानं अडवला.

"काका, नको."

"येड्यासारखं करू नको," केशरबाई म्हणाली. "घे खांद्यावर. गाव तुझं हाय."

"माय, गाव कुठं हाय?" तो आजूबाजूला बघून म्हणाला. वाळूत सर्जेराव होते, आणखी म्हातारी होती. "आप्पा रोज घरोघर जायचे. कुणाची दाढी करून यायचे? मी बघितलंय, वस्तरा भिजलेला नसायचा." मग तो बिभीषणकडं वळला. "मला धार लावता येत न्हाई. दुकानात बसवा, शिकवा. अंजनाला घेऊन येतो."

केशरबाई दिराकडं फिरली. "हे तुमी घातलं त्याच्या डोक्यात?"

"न्हाई, वयनी. मला तुमच्याबरूबरच कळतंय." त्यानं धोपटी खाली वाळूवर ठेवली. "तुमी न्हाई म्हणा. मी नेत न्हाई त्याला."

सगळे तिच्याकडं बघत होते. नाही म्हणायला तिला कधी वेळ लागत नसे. तिनं तोंड उघडलंसुद्धा. जालिंदर खाली मान घालून बसला होता आणि त्या भादरलेल्या डोक्यावर, कानाच्या वर आणि टाळूच्या कडेला, तिच्या हाताच्या दोन खुणा लाल दिसत होत्या. नाही म्हटलं असतं तर तो राहिला असता. तिच्या हाताखाली तो हलला नव्हता, तसाच न हलता राहिला असता.

"न्या," ती म्हणाली.

"माय, तूबी चल."

"मी कशाला? आरशात तोंड बघायला? जा तू. ऊन व्हायच्या आत जा."

ऊन कधीचंच झालं होतं. जालिंदरनं तिच्या पायाला हात लावला. अंजनानंही लावला, आणि घरचं आवरून सांजच्याला पलीकडं जाते असं काहीतरी पुटपुटली. माणसं उठली, धोतरं झटकत गावाकडं लागली. बिभीषण आणि जालिंदर पलीकडच्या काठाकडं निघाले.

पाटाभोवती केस पडले होते. दहाव्याचे केस पाण्यात सोडतात. नदीला पाणी नव्हतं, आणि वारा सुटला होता. केशरबाई खाली बसली, तिनं केस पदरात गोळा केले आणि हातानं वाळू उकरायला लागली. वाळू कोरडी होती. उकरावी तेवढी कडेनं परत आत येत होती.

वच्छलाबाई मागं राहिली होती. ती वाकली. "सरक, केशर. मी लावते हात."

"माझ्या लेकाचे हायेत," केशरबाई म्हणाली. "तुमी जा घरी."

वच्छलाबाई गेली. केशरबाईनं पदराचं टोक गुडघ्याखाली दाबलं, केस उडू नयेत म्हणून, आणि दोन्ही हातांनी परत उकरायला घेतलं.